सात पांढरी, पाच काळी

बाबांचा कोट मला खांद्यांत बरोबर बसला, बाह्यांत लांब झाला. आईनं बाह्या दोन बोटं आत दुमडल्या, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "हात वर कर. आता खाली घे. आता गप्प उभी राहा. नाटकातही तुला एवढंच करायचंय."

"माहीत आहे."

"माहीत असलेल्याच गोष्टी तू विसरतेस. कच्चा टाका घालते हं, एकाच प्रयोगाचा तर प्रश्न आहे."

कोट काळा, जाड कापडाचा, कॉलरला सोनेरी किनार. चौदा वर्षं बाबा तो घालून नाटकातल्या कोर्टाचे शिपाई होत आले. ते गेल्याला चार महिने झाले होते. कोटाला अजून त्यांच्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास येत होता. आईनं तो धुतला नव्हता, उन्हातही टाकला नव्हता.

बाबांची सगळी नोकरी कोर्टात झाली, पण कोर्टाच्या तळघरात. निकाल लागलेल्या खटल्यांचे कागद सांभाळणं हे त्यांचं काम. तीस वर्षांत त्यांना चार माणसांसमोर तोंड उघडायची वेळ आली नाही. निवृत्तीच्या समारंभात सगळे "दोन शब्द, दोन शब्द" करायला लागले, तेव्हा ते उठले, हात जोडले आणि बसले. मलाही त्यांचाच स्वभाव मिळालाय. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात त्यांना आत नेताना मी ढकलगाडीच्या बाजूनं दारापर्यंत चालले. पुष्कळ लांबचा रस्ता होता. मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आलेय, पण त्या सगळ्या रस्त्यात मला एक शब्द सुचला नाही.

तर, निवृत्त झाल्यावर घरी बसून बाबांनी एक नाटक लिहिलं. एकच. एका कारखान्याच्या फाटकावर मोठं घड्याळ असतं आणि आठ वाजले की फाटक बंद होतं. जो बाहेर राहिला तो त्या दिवशी घरी. वर्षभरानंतर मालकाच्या लक्षात येतं की आपलं घड्याळ गावापेक्षा दहा मिनिटं मागं आहे, आणि उशिरा येणारे सगळे त्या दहा मिनिटांत आत येतायत. घड्याळाची किल्ली एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे असते. त्याच्यावर खटला भरतात. त्यानं मुद्दाम केलं, की घड्याळच जुनं झालं होतं?

याचा निकाल प्रेक्षक देतात. प्रयोगाआधी आई नाट्यगृहात फिरून बारा खुर्च्यांच्या पाठीला लाल दोरा बांधते. ज्याच्या खुर्चीला दोरा, तो ज्युरीत. मध्यंतरात त्या बारा जणांना मागच्या खोलीत नेतात, दार लावतात आणि वीस मिनिटं देतात. खोलीत पडदा लावलेला एक कोपरा आहे. तिथं दोन बरण्या, एकीत पांढरी बटणं, एकीत काळी. पांढरं म्हणजे निर्दोष, काळं म्हणजे दोषी. एकेकानं पडद्याआड जायचं, एक बटण मुठीत घ्यायचं आणि बाहेर येऊन झाकणाच्या डब्यात टाकायचं. कुणी काय टाकलं ते कुणाला कळत नाही. सहा-सहा झाली तर फायदा आरोपीला. मग शिपाई तो डबा घेऊन मागच्या बोळातून रंगमंचावर जातो आणि न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवतो.

बाबांना त्या वीस पावलांना फार वेळ लागायचा. बोळाच्या कोपऱ्यावर त्यांच्या बुटाची नाडी सुटायची. दर प्रयोगाला. आमच्या न्यायाधीश म्हणजे एरवी औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई. पण चौदा वर्षांत त्यांना दुकानातसुद्धा लोक न्यायमूर्ती म्हणायला लागलेत. त्या वर टेबलाशी बोटं वाजवत बसायच्या. "त्यांना कुणीतरी बिननाडीचे बूट घेऊन द्या हो," असं त्या दर वर्षी म्हणायच्या.

नाटकाला अर्थातच दोन शेवट होते. पण एकशे एकतीस प्रयोगांत दुसरा शेवट एकदाही झाला नाही. घड्याळजी दर वेळी सुटला. बहुतेक वेळा सात विरुद्ध पाच, कधी आठ विरुद्ध चार, पण सुटला. प्रयोगानंतर अंगणात चहा घेताना ते बारा जण एकमेकांशी भांडत असायचे. "आत तर तुम्ही माझ्या बाजूनं बोलत होतात, मग फिरलात कधी?" दुसरा शपथेवर सांगायचा की मी नाही फिरलो, ती चष्मेवाली फिरली असणार. ही भांडणं घरी जायची, दुसऱ्या दिवशी कचेऱ्यांत जायची, आणि पुढच्या प्रयोगाला तीच माणसं भावजयीला आणि शेजाऱ्यांना घेऊन यायची. आमच्या नाटकाची दुसरी जाहिरात कधी करावी लागली नाही.

"बघ," बाबा घरी येऊन मला म्हणायचे, "लोक सोडून देतात."

"पुस्तकांतले लोक नाही सोडत."

"पुस्तकांतल्यांचं काय जातंय. त्यांना थोडंच दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जायचंय."

माणसांबद्दलचं माझं मत त्यांच्यापेक्षा वाईट होतं आणि पुरावा सगळा त्यांच्या बाजूनं होता.

या एकशे एकतीस सुटकांनी एक माणूस मात्र पुरता गांजला होता. तो म्हणजे माझा मामा, आईचा मोठा भाऊ, नाटकातला घड्याळजी. पहिल्या शेवटात त्याला एक अक्षर बोलायचं नसतं. टोपी उचलायची, खिशातलं घड्याळ दहा मिनिटं मागं करायचं, हसायचं आणि जायचं. भाषण होतं ते दुसऱ्या शेवटात. त्याच्या मते अख्ख्या नाटकाचा जीव त्या भाषणात होता. मिशीचा डिंक वाळेपर्यंत तो दर प्रयोगाआधी रंगपटात आरशासमोर ते म्हणून घ्यायचा, आणि दर वेळी अर्ध्यावर आला की तिसरी घंटा व्हायची. त्यामुळे पहिलं अर्धं भाषण आम्हा सगळ्यांना पाठ होतं, आणि पुढचं अर्धं मामा, आई आणि बाबा सोडून कुणी ऐकलं नव्हतं.

आता मामा एकाहत्तर वर्षांचा होता. पुढच्या आठवड्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यानं जाहीर केलं होतं की रविवारचा चारचा प्रयोग शेवटचा. त्याच्याशिवाय घड्याळजी करायला कुणी तयार नव्हतं, म्हणजे नाटकाचाही शेवटचा. शिपाई हवा होता. मुका आहे म्हणून मी हो म्हटलं.

"पोरी," मामा त्या दिवशी आरशातून मला म्हणाला, "आज तरी बारा कडक माणसं बसव बाई. चौदा वर्षं सुटतोय मी. मरायच्या आधी एकदा दोषी ठरू दे."

"दोरे आई बांधते."

"तुझी आई? ती मुद्दाम मवाळ माणसं शोधते."

"मी डोळे मिटून बांधते," आई म्हणाली. "आणि तू बोलू नकोस, मिशी सुटेल."

"ताईनं सांगितलं की ऐकावं," फिर्यादी वकील कोपऱ्यातून म्हणाले. ते दातांचे डॉक्टर. चौदा वर्षांत त्यांनी एकही खटला जिंकला नव्हता आणि त्याचा त्यांच्या दवाखान्यावरही परिणाम होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"ताई कसली? मी मोठा आहे तिच्यापेक्षा."

"तसं वाटत नाही," दातवाले म्हणाले. मामानं भाषण सुरू केलं. अर्ध्यावर आल्यावर तिसरी घंटा झाली.

*

मध्यंतरात मी बारा जणांना आत घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. ही खोली एरवी जुनं सामान ठेवायची. पुठ्ठ्याचं झाड, एका पायानं अधू सिंहासन, आणि त्यांच्या मधे गोल मांडलेल्या बारा घडीच्या खुर्च्या. एका जाड्या गृहस्थांनी आधी सिंहासनावर बसून पाहिलं आणि वेळेत उठले.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक मुख्याध्यापिका होत्या. त्यांना कुणी निवडलं नाही, पण दोन मिनिटांत त्याच प्रमुख झाल्या. "एकेकानं बोला. हात वर करून."

एका नवरा-बायकोच्या दोन्ही खुर्च्यांना दोरे आले होते. नवरा म्हणाला, "माझं आणि हिचं एकच मत धरा."

"का म्हणून?" बायको म्हणाली. "घरी धरतात तेवढं पुरे."

बस चालवणारे एक गृहस्थ होते. आत आल्यापासून मनगटावरच्या घड्याळाशी चाळा करत होते. त्यांनी हात वर केला. "मी आठची बस आठला काढतो. एकोणतीस वर्षं. मागून माणसं पळत येतात, मला आरशात दिसतात. मला काय आनंद होत असेल?"

"मग थांबा की थोडं," एक कॉलेजातली मुलगी म्हणाली.

"थांबलो तर पुढच्या थांब्यावरची माणसं काय म्हणतील? ती वेळेवर आलीत."

जाड्या गृहस्थांनी चहा इथं मिळेल की नंतर, असं विचारलं. मी हातानं खूण केली की नंतर.

"तो गोड म्हातारा आहे," बायको म्हणाली. "मला आवडला. शिडीवर चढताना बघितलंत? मला वाटलं पडतोय."

"आवडला हा मुद्दाच नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मला जो मुलगा आवडायचा, त्याला मी सगळ्यात आधी बाकावर उभं करायचे. प्रश्न काय विचारलाय आपल्याला? त्यानं हे मुद्दाम केलं का? आता मला सांगा, केलं नाही असं कुणाला वाटतं?"

कुणी हात वर केला नाही. नवऱ्यानं अर्धा केला आणि बायकोकडे बघून खाली घेतला.

"पण त्यामुळे कुणाचं काय वाईट झालं?" मुलगी म्हणाली.

"ते नाही विचारलेलं."

"विचारायला पाहिजे होतं."

"ते नाटक लिहिणाऱ्याला सांगा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तिथं नाटकातली म्हणून मीच होते. मी कोटाचं वरचं बटण नीट केलं.

मग एकेक जण पडद्याआड गेला. डब्यात बटण पडलं की टक्‌ असा आवाज व्हायचा. बारा वेळा झाला. बसवाल्यांनी सगळ्यात शेवटी टाकलं आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी झाकण लावलं, डबा उचलला आणि बाहेर पडले.

बोळात उकडत होतं. घाम पुसायला रुमाल शोधत मी कोटाच्या आत हात घातला, तर डाव्या बाजूला अस्तरात एक खिसा लागला. आईनं शिवलेला नव्हता, आईचे टाके दिसत नाहीत. हे टाके वेडेवाकडे होते, दोऱ्याचा रंगही वेगळा. आत सहा पांढरी बटणं होती.

कोपऱ्यावर आई नेहमीप्रमाणे स्टूल टाकून बसली होती. ऐन वेळी काही उसवलं तर, म्हणून तिची ती जागा. "नाडी सुटली?" तिनं मान वर न करता विचारलं.

माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"आई, हे काय आहे?"

"पांढरी बटणं."

"ते दिसतंय मला."

"मग विचारतेस कशाला? माझ्या डब्यातली आहेत. चौदा वर्षं माझी पांढरी बटणं जातायत कुठं म्हणून मी ओरडत नव्हते का?" तिनं सुई कापडात टोचून ठेवली. "किती आहेत काळी?"

मी झाकण उघडलं. दोनदा मोजली. "नऊ."

"नऊ म्हणजे चार बदलायची. सात-पाच करायचे ते. त्याहून जास्त केली तर लोकांना संशय येतो म्हणायचे."

मी भिंतीला टेकले. एकशे एकतीस प्रयोग. अंगणातली ती सगळी भांडणं. कुणीच फिरलं नव्हतं.

"सगळ्याच वेळी?"

"छे. कधीकधी लोक खरंच सोडायचे. त्या दिवशी घरी शीळ घालत यायचे, आठवत नाही?"

"सहाच का?"

"बाराच्या बारा काळी आली तरी सहा बदलली की भागतं. बरोबरीचा फायदा आरोपीला. तो नियम काय उगाच घातलाय असं वाटलं तुला?"

"मला वाटायचं..." मी म्हटलं, आणि मला काय वाटायचं ते बोळात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. "माणसं चांगली असतात हे दाखवायला करत होते का?"

आई हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा, तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. "चांगली कसली? त्यांना बोलावं लागलं असतं."

"काय बोलावं लागलं असतं?"

मग तिनं भराभर सांगितलं, कारण रंगमंचावरून न्यायमूर्तींच्या बोटांचा आवाज यायला लागला होता. शिपायाचं काम आधी एका कवायतीच्या मास्तरांकडे होतं. खणखणीत आवाजाचा माणूस. पहिला प्रयोग आठ दिवसांवर आला आणि त्यांची बदली झाली. बाबांनी कोट घातला, तात्पुरता. पण दुसऱ्या शेवटात, मामाचं भाषण संपल्यावर, शिपायाला एक वाक्य होतं.

"एक?"

"एकच. त्याच्या भीतीनं आठ दिवस जेवले नाहीत."

"मग काढून टाकायचं. नाटक त्यांचंच होतं."

"मी हेच म्हटलं. तर म्हणाले, त्या एका वाक्यासाठी तर सगळं लिहिलंय." आईनं डोळे पुसले. हसण्यामुळे होतं ते बहुतेक. "एकदा अकरा काळी आली. नववं वर्ष असेल. आज बोलतो म्हणाले. पाणी प्यायले, इथून पुढं त्या दारापर्यंत गेले. परत आले, तोंड धुतलं, सहा बटणं बदलली. आणि मला म्हणतात कसे, तुझा भाऊ पाऊण तास बोलेल, लोकांच्या बसेस चुकतील."

वर न्यायमूर्तींनी हातोडा आपटला. हे नाटकात नव्हतं.

चार बटणं बदलायला दहा सेकंद लागली असती. मामा टोपी उचलून, हसून, गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला असता, आणि बाबांचं नाटक बाबांनी ठेवलं तसंच संपलं असतं. मुकं आहे म्हणून तर मी हे काम घेतलं होतं. माझ्या हातात सहा बटणं होती.

"तू शिवताना खिसा बघितला होतास," मी म्हटलं.

"बघितला."

"मग बटणं काढून का नाही ठेवलीस?"

"तुला लागली असती तर?" आई म्हणाली.

मी ती मूठभर बटणं तिच्या मांडीवर ठेवली. "वाक्य सांग."

तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं. सहा शब्द. मी डब्याचं झाकण लावलं आणि निघाले.

*

न्यायमूर्तींनी बटणं मोजली. पुन्हा मोजली. एक काळं उचलून उजेडात धरलं, रंग लागलाय की काय हे पाहायला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत उभी राहिले.

"नऊ विरुद्ध तीन," त्या म्हणाल्या. "दोषी."

दातवाले हरल्याच्या सवयीनं कागद गोळा करत होते, ते थांबले. "दोषी?" ते म्हणाले. हेही नाटकात नव्हतं. दिवे सांभाळणाऱ्यानं सुटकेचा पिवळा उजेड टाकला, विझवला आणि मग कुठला टाकायचा ते न आठवल्यामुळे सगळाच तसाच ठेवला. मामाचा हात टोपीपर्यंत गेला होता. त्यानं टोपी पुन्हा खाली ठेवली. हळू ठेवली.

मला वाटलं आता पाऊण तास.

त्यानं कठड्याला धरलं, कारण गुडघा दुखत होता, आणि रंगपटातला तो कमावलेला आवाज न लावता, चहा मागावा तसं बोलायला लागला. "पंचेचाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली. दमलो असं मला एकही घड्याळ कधी म्हणालं नाही. माणसं म्हणाली. सकाळी फाटकाबाहेर उभं राहून म्हणाली." इथपर्यंत आम्हाला पाठ होतं. पुढचं मी पहिल्यांदा ऐकलं. "तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. घड्याळ जुनं झालंय म्हणालो. घड्याळ चांगलं होतं. त्याची मी माफी मागतो, त्याचा काही दोष नव्हता. दहा मिनिटं मीच मागं घेतली. एका बाईचं मूल पायात बूट घालायला वेळ लावायचं. तेवढ्यासाठी. मग इतरांचंही कळत गेलं. शिक्षा द्या. फक्त घड्याळ पुढं करायला ज्याला शिडीवर चढवाल, त्याला सांगा, तिसरी पायरी सैल आहे."

तो थांबला. मग तो माझ्याकडे वळला. मिशी एका बाजूनं सुटायला लागली होती.

"तुरुंग लांब आहे का?" त्यानं विचारलं.

समोर सगळा अंधार होता आणि त्या अंधारात चारशे माणसं होती. बाबा इथंच उभे राहिले असते. मी मामाचा दंड धरला.

"लांब नाही," मी म्हटलं. "दारापर्यंत मी येते बरोबर."

आणि आम्ही चालायला लागलो. नेपथ्यातलं दार बारा पावलांवर होतं. मामाच्या गुडघ्यामुळे वीस झाली.

*

अंगणात त्या दिवशी भांडण नव्हतं, म्हणून चहा लवकर संपला. जाड्या गृहस्थांनी दोन कप घेतले होते. ती मुलगी कुणालातरी फोनवर सगळं भाषण सांगत होती, बरंचसं चुकीचं. बसवाले माझ्याजवळ आले आणि कोटाच्या सोनेरी किनारीकडे बघत म्हणाले, "मी काळं टाकलं. परत विचारलंत तर परत काळंच टाकीन."

"हो," मी म्हटलं.

"पण त्याला पोचवायला मी गेलो असतो." मग त्यांनी घड्याळात पाहिलं. "साडेसहाची काढायचीय," म्हणाले आणि घाईनं निघून गेले.

रंगपटात दातवाले सगळ्यांना हात मिळवत होते. "पहिला खटला," ते सांगत होते. "उद्या दवाखान्यात पाटीवर लिहितो." न्यायमूर्ती खुर्चीत बसून स्वतःचीच नाडी मोजत होत्या. मामा आरशासमोर बसला होता, अर्धी मिशी हातात आणि अर्धी ओठावर.

"किती वेळ घेतला मी?" त्यानं आईला विचारलं.

"सव्वातीन मिनिटं."

"बस? मला वाटलं मी फार रंगवलं."

"सव्वातीन," आई पुन्हा म्हणाली. तिनं हातातलं कापड घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. "त्यांना सांगायला हवं होतं."

"काय सांगायला?"

"काही नाही. तुझं भाषण चांगलं आहे म्हणून."

"त्याला माहीत होतं. लिहिलं कुणी?" मामा आरशातून माझ्याकडे वळला. "पण बघितलंस ना, तुझा बाप म्हणायचा लोक सोडून देतात. चौदा वर्षं त्याचं खरं झालं आणि तो गेल्यावर चार महिन्यांत माणसं बदलली. आज असता तर हरला असता."

"हो," मी म्हटलं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. "बदलली माणसं."

"तर मग ऐक. गुडघ्याला सहा महिने. त्यानंतर परत सुरू करू. आता कुठं मला तो माणूस समजायला लागलाय."

"तुझा शेवटचा प्रयोग होता ना आज?" दातवाले म्हणाले.

"तो सुटणाऱ्या घड्याळजीचा शेवटचा. हा नवा आहे." त्यानं उरलेली मिशी ओढली आणि डोळे मिटले. "शिपाई कोण करणार? तू करशील?"

"करीन."

"मग ते वाक्य जरा मोठ्यानं म्हणत जा. शेवटच्या रांगेचं सोड, मला शेजारी उभा असून ऐकू आलं नाही."

"मग तू निघालास कसा?"

"तू चालायला लागलीस म्हणून," मामा म्हणाला.

आईनं हात पुढं केला. "कोट दे इकडं. बाह्या पक्क्या शिवून टाकते."

मी कोट काढून तिला दिला. "आणि आतला खिसा?"

तिनं अस्तर उलटं करून ते वेडेवाकडे टाके अंगठ्यानं सपाट केले. एक दोरा सुटला होता, तो दातानं तोडला नाही, आत खोचला.

"राहू दे," ती म्हणाली. "रुमाल ठेवायला होईल."